बंदूक आहे का?

फौजेतून पेन्शनवर घरी आलो आणि कामासाठी नागभीडपासून गडचिरोलीपर्यंत फिरलो. सगळीकडे दोनच प्रश्न. बंदुकीचं लायसन्स आहे का? आणि मग आवाज खाली आणून, फौजी कॅन्टीनची बाटली मिळते का? गडचिरोलीत दारूबंदी, त्यामुळे दुसरा प्रश्न जास्त कळकळीने यायचा. फौजेत मी काय करत होतो, हे कुणी विचारलंच नाही. मी मेकॅनिक होतो. निम्मी नोकरी ट्रकखाली आडवं पडून झाली. पण माजी सैनिक म्हणजे गेटवरचा चौकीदार, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं. माझं डोकंच फिरायचं. बायकोला सांगून टाकलं, "घरी बसीन, पण गेटवर बसणार नाई."

सावली गावाजवळच्या एका राइस मिलच्या मालकांनीही तेच विचारलं. या वेळी मी उठलो नाही.

"बंदूक नाई भाऊ, पाने हायेत. एक आठवडा मले मशीनवर घेऊन पाहा. नाई जमलं तं पैसे नका देऊ."

धानाचा हंगाम ऐन भरात होता. ते हसले, पण हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिल सुरू व्हायच्या आधी पोचलो. फौजेत गाडी थंड असतानाच तपासायची, बिघाड असो वा नसो. पट्टे, बेअरिंग, नटबोल्ट एकेक चाचपत बसलो. हमाल पोत्यांवर बसून मजा बघत होते. मालकांचा पारा चढला.

"चांगल्या मशीनले हात काऊन लावून राह्यले?"

"बिघडल्यावर येणारा मिस्त्री तुमच्याजवळ हाये. मी बिघडू नये म्हणून आलो."

ते तणतणत निघून गेले. मी हात थांबवला नाही. धान वर चढवणाऱ्या पट्ट्याचा जोड उसवत आला होता. मालकांना बोलावून दाखवला. जोड बदलून होईपर्यंत त्यांनी मिल सुरू करू दिली नाही. आठवडा संपला, तरी मला कुणी घरी जा म्हटलं नाही. तो हंगाम काढला, पुढचाही.

गेल्या महिन्यात आणखी एक फौजी काम मागायला आला. ऑफिसात मालकांसमोर, माझ्या बाजूच्या खुर्चीच्या कडेवर टेकला आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाला, "बंदूक हाये माही."

"बंदूक राहू द्या," मालक म्हणाले. "फौजेत काय काम करत होते?"

तो माझ्याकडे बघायला लागला. हा प्रश्न त्याला नवा होता.

"वायरिंग," तो म्हणाला, आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसला.