रिकामा हॉल

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझा नवरा सगळ्यांना हसत सांगतो. राहतं. ही एक गोष्ट राहिली आहे – त्याच्यापासूनही. आज तुम्हाला सांगते आहे.

मी नगरला माजी सैनिकांच्या दवाखान्यात सीनियर सिस्टर आहे. काम नीट आखून करणारी बाई, अशी माझी ख्याती. कपाटात औषधं कुठं, सुट्टीवर कोण, कोणता पेशंट दर महिन्याला चष्मा विसरतो – सगळं मला पाठ. म्हणून इन्स्पेक्शन आलं की इनचार्ज साहेब एवढंच म्हणायचे, "हॉल नीटनेटका दिसला पाहिजे." कसा, ते मी ठरवायचे.

आणि मी काय ठरवलं होतं? इन्स्पेक्शनच्या दिवशी पेशंट हॉलमध्ये ठेवायचेच नाहीत. मागच्या सायकल स्टँडच्या शेडमध्ये बसवायचे. गर्दी नाही, तर तक्रार नाही. साहेबांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. युक्ती माझी होती. दर वेळी शाबासकी मिळायची – मग चूक कशी वाटणार?

त्या दिवशी शेवगावहून काकडे हवालदार आले होते, बायकोला घेऊन. छातीत जळजळतंय म्हणाले. मी म्हटलं, काका, जरा मागं बसा, मोठे साहेब येतायत. ते हसले. "बसतो की. इन्स्पेक्शन म्हंजे काय ते आमाला इचारा, मॅडम! आमी तर झाडाची पिवळी पानं बी आदल्या दिशी तोडल्याली हायेत."

मीही हसले. त्यांना शेडपर्यंत मीच नेलं.

शेडवर लक्ष ठेवायला रूथ होती – नवी मुलगी, कंत्राटाचं पहिलंच वर्ष. थोड्या वेळानं ती पळत आली. "ताई, काकांना दरदरून घाम येतोय. डॉक्टरांना बोलवू?" दोन्ही डॉक्टर फाटकापाशी स्वागताला उभे होते. मी म्हटलं, उन्हाचा घाम आहे, पाणी दे. ती गेली. पुन्हा आली. "ताई, मला हे बरं दिसत नाही." मी तिला म्हटलं, "साहेबांची गाडी वळली आहे. आता तोंड बंद."

ती पुन्हा आली नाही. आली ती काकूंची हाक.

मग मात्र मी धावले. स्ट्रेचर, ऑक्सिजन, ॲम्ब्युलन्स – सगळं झटपट, सगळ्यांच्या देखत. काका मोठ्या हॉस्पिटलच्या दारातच गेले. ॲम्ब्युलन्समध्ये मी त्यांच्या बायकोचा हात धरून बसले होते.

चौकशी झाली. इनचार्ज साहेबांनी विचारलं, रूथनं तुम्हाला कळवलं होतं का?

"नाही, सर."

एवढंच. किती सोपं होतं! रूथ शेजारच्याच खुर्चीत होती. ती म्हणाली, "सर, मी दोनदा सांगितलं." साहेब तिच्यावर खेकसले, "सीनियरला खोटं पाडता?" आमच्याकडे हे असंच चालतं. ज्याची खुर्ची वरची, त्याचं खरं. ते मला माहीत होतं, आणि मी त्यावरच विसंबले. रूथनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

तिचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. निष्काळजीपणाचा शेरा बसला, म्हणून शहरातल्या चांगल्या हॉस्पिटलांनी तिला दारात उभं केलं नाही. आता ती नागापूरला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, असं कळलं. जखम इतकी हलक्या हातानं बांधणारी मुलगी मी दुसरी पाहिलेली नाही. तिला जाऊन भेटले का? नाही. साहेबांकडे जाऊन खरं सांगितलं का? त्यांची बदली झाली, दुसरे आले. त्यांनाही नाही. माझंही कंत्राटच होतं, मीही घाबरले होते – पण तिच्याइतकं माझं काय जाणार होतं?

काकडे काकू आता स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांना येतात. येताना माझ्यासाठी बाजरीचं पीठ, कधी शेंगा आणतात. मी घेते. "तुमी व्हत्या म्हनून," असं म्हणतात, आणि मग दर वेळी रूथवर येतात. "त्या पोरीनं माजा मानूस घालवला. तिचं कवा भलं व्हनार न्हाई."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "जाऊ द्या काकू, लहान होती ती." रूथला माफ करणारीही मीच.

मागच्या मंगळवारी त्या आल्या होत्या. तेव्हाही मी हेच म्हणाले.