दोन न्यूटन वजा

श्रीमती हेमा टिपणीस, सहशिक्षिका, मानपाडा, अनुभव एकतीस वर्षे, विशेष प्रावीण्य: बल व गती.

शाळेचा तानकाटा स्प्रिंग सैल पडून रिकामाच दोन न्यूटन दाखवायचा. नवा मागून बाई थकल्या आणि शेवटी मुलांनाच दोन वजा करायला शिकवलं. निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या तपासणीत बरा शेरा मिळावा, एवढीच इच्छा उरली होती. तपासणीच्याच सकाळी नवा काटा आला.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नव्या काट्याला डबा टांगला. "किती?"

"तीन!" सगळा वर्ग ओरडला.

"अरे, पाच दिसतायत!"

"सर, तो दाखवतोच जास्त," पहिल्या बाकावरच्या क्षिप्राने समजूत घातली.

शेरा पडला: 'साहित्य उत्तम, अध्यापन सदोष.' बाईंनी खाली सही केली. जुना काटा खिळ्यावर रिकामाच लटकत होता आणि दोन दाखवत होता.