शिंगाड्याच्या आकाराचं घड्याळ

पोपटराव आप्पांची गाडी गोकुळ रासकर चालवायचा. आप्पा मांडवगण फराट्याचे, मोठे ऊसवाले, राजकारणात मुरलेले. गोकुळ नदीकाठच्या एका वाडीतला. घरी आई मुक्ताबाई, बायको सारिका आणि झेंडूचा तुकडा. गाडी मुक्कामाला त्याच्याच दारात असायची. वाडीतली कुणी बाई अडली की गोकुळ आप्पांना न विचारता तिला शिरूरच्या दवाखान्यात पोचवायचा, आणि त्याबद्दल त्यानं कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. म्हणून वाडीत काही वाद निघाला की लोक म्हणत, गोकुळला विचारा, तो खोटं बोलायचा नाही.

वाडीला लागून असलेल्या माळावर एक रसायनाची कंपनी यायची होती. आप्पा सुरुवातीला तिच्या विरोधात बोलत. मग एकदा कारेगावला कंपनीच्या साहेबांबरोबर त्यांचं जेवण झालं. हॉटेलातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या मनगटावर नवं घड्याळ होतं. असलं घड्याळ गोकुळनं कधी पाहिलं नव्हतं. गोल नाही, चौकोनी नाही. शिंगाड्यासारखं तीन कोपऱ्यांचं, त्यातला एक कोपरा ओढून लांब केल्यासारखा. सगळं सोन्याचं. असली घड्याळं जगात फार थोडी आहेत, असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि आप्पांना तेच भावलं होतं. त्या दिवसापासून ते बाही वर सारून बसायला लागले. कंपनीविरुद्धचं बोलणंही थांबलं.

घड्याळ गोल असतं तर कुणाचं लक्ष गेलं नसतं. पण दौंडच्या एका लग्नातला आप्पांचा फोटो फिरला आणि तो हर्षदानं पाहिला. हर्षदा वाडीतलीच, शेतीचं शिकलेली, शेवंती करायची. तिनं फोटो मोठा केला, तसलंच घड्याळ इंटरनेटवर शोधलं आणि दोन्ही चित्रं वाडीच्या ग्रुपवर शेजारी शेजारी टाकली. खाली एवढंच लिहिलं, की हे आप्पांना कुणी दिलं ते ग्रामसभेत सांगावं.

सभेला निघताना आप्पा गाडीत म्हणाले, "घड्याळ तू दिलंयस. दौंडच्या बाजारातनं आणलं, डुप्लिकेट हाय. माझ्या वाढदिवसाला."

गोकुळनं गाडी हळू केली. "आप्पा, लोकं मला इचारत्याल."

"म्हणून तर तुला सांगतोय. माझ्यावर कोण इस्वास ठेवतंय?"

गोकुळच्या बापाच्या आजारपणात याच आप्पांनी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावले होते. त्याची आठवण त्यांनी करून दिली नाही, गोकुळलाच ते आठवलं.

सभेत हर्षदानं प्रश्न विचारला. आप्पा हसले आणि त्यांनी गोकुळकडं बोट केलं. गोकुळ उठला आणि सांगितलं तसं बोलला. मागच्या रांगेतून कुणी तरी हसलं. हर्षदा थोडा वेळ त्याच्याकडं पाहत राहिली, मग म्हणाली, "गोकुळदादा म्हणतात, मंग माझं काय म्हणणं न्हाई." आणि खाली बसली.

आप्पांनी घड्याळ मनगटावरून काढलं आणि सगळ्यांदेखत गोकुळच्या हातात ठेवलं. गरिबाच्या भेटीवर एवढा संशय असेल तर ती त्यालाच परत, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीला परवानगी द्यायचा ठराव मंजूर झाला.

गाडीत बसल्यावर आप्पांनी मागून तळहात पुढं केला. गोकुळनं खिशातून घड्याळ काढून दिलं. आप्पांनी ते रुमालानं पुसलं आणि मगच घातलं.

कंपनी उभी राहिली. वर्षभरात वाडीच्या विहिरींच्या पाण्यावर तवंग दिसायला लागला. हर्षदाची शेवंती जळाली, गोकुळचा झेंडू कळीतच काळा पडला. गोकुळ आप्पांकडं गेला आणि कंपनीशी बोला म्हणून त्यानं विनवण्या केल्या. आप्पा शांतपणे म्हणाले, "मी बोलंन. पर मंग घड्याळाचा विषय निघंल. खोटं कोण बोललं हुतं, मी का तू?" आठवडा सरायच्या आत गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला.

तेव्हा गोकुळ पहिल्यांदा हर्षदाच्या दारी गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"मला तवाच कळलं हुतं, दादा," ती म्हणाली. "सगळी घड्याळाकडं बघत हुती, मी तुमच्याकडं. अजून एक प्रश्न इचारला असता तर तुम्ही उभ्या जागी पडला असता. ते बघवंना, म्हणून बसले. आता वाटतंय, पडू द्यायला पायजे हुतं."

पुढच्या ग्रामसभेत गोकुळ स्वतःहून उठला. कारेगावचं जेवण, साहेब, घड्याळ, गाडीतलं बोलणं, काहीच लपवलं नाही. लोक ऐकत होते, पण चेहरे हलले नाहीत. एक म्हातारा म्हणाला, नोकरी गेली तशी ह्याला वाचा फुटली. दुसरा म्हणाला, तेव्हाचं खरं धरायचं का आताचं? आप्पा त्या दिवशी आलेच नव्हते. त्यांना यायची गरजच नव्हती. हर्षदा त्याच्या बाजूनं बोलली, तर तिलाही लोकांनी खाली बसवलं.

दुसरीकडं कुठं काम मिळेना. शेवटी गोकुळ टँकरवर लागला. विहिरी बाद झाल्यावर कंपनीनं वाडीला पिण्याचं पाणी द्यायचं कबूल केलं होतं, आणि तो टँकर कंपनीचाच होता. रोज सकाळी टँकर पारापाशी उभा राहतो, बाया हंडे घेऊन रांग लावतात आणि गोकुळ पाइप धरतो. त्याच्याशी फारसं कुणी बोलत नाही.

परवा रांगेत मुक्ताबाई होती. उन्हात आईला उभं पाहून गोकुळनं तिचा नंबर नसताना पाइप तिच्या हंड्याकडं वळवला. तिनं हंडा मागं घेतला.

"आधी ह्यांचं भर," ती रांगेतल्या बायांकडं बघत म्हणाली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.