नावाचा मोकाशी

मत असायला अक्कल लागत नाही, हे मला नॉटिंगहॅमच्या आइस रिंकवर कळलं. आम्ही चौघांनी एक अख्खा सीझन तिथे बसून आइस हॉकी बघितली. चौघांपैकी खेळ एकीलाच कळायचा आणि बोलायचं काम बाकीचे तिघं करायचे. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार! आजही कोणाकडे जेवायला जमलो की पानं वाढून होईपर्यंत दोन-तीन तरी निघतातच.

आधी माणसं सांगतो. वझेकाका म्हणजे डॉक्टर वझे. सत्तरच्या दशकात इथे आले, जन्मभर जीपी म्हणून लोकांचे घसे तपासले आणि रिटायर झाल्यावर आमची डोकी तपासायला लागले. त्यांची मुलगी लीना जन्मापासून इथली, हॉस्पिटलमध्ये फिजिओ. शाळेत असताना ती स्वतः आइस हॉकी खेळलेली. तिसरा मी, पेंडसे, पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला. आणि चौथा माझ्या शेजारच्या डेस्कवरचा मोकाशी, त्याच उन्हाळ्यात कंपनीने पाठवलेला. मोकाशीला कळत नाही असा विषय अजून निघायचा आहे.

*

सप्टेंबरात क्रिकेट संपलं आणि वीकेंड खायला उठले. लीनाने चौघांची तिकिटं काढली. हॉकी म्हटल्यावर मोकाशी खूश. ‘हॉकी म्हणजे आपला राष्ट्रीय खेळ’ हे त्याने ट्राममध्ये मला सांगितलं, मग उतरताना काकांनाही सांगितलं. आत जाऊन बर्फ बघितल्यावर तो जरा गप्प झाला, पण जेमतेम पहिल्या ब्रेकपर्यंत. तेवढ्यात त्याने लीनाकडून दोन गोष्टी शिकून घेतल्या. यात बॉल नसतो, काळी रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. आणि गोलकीपरला गोली म्हणतात. एवढ्या भांडवलावर त्याने दुकान उघडलं.

आमच्या टीमने त्या वर्षी कॅनडाहून नवा गोली आणला होता. त्या दिवशी त्याने लागोपाठ दोन गोल खाल्ले. मोकाशी ताडकन उभा राहिला.

“हा गोली नाही, चाळणी आहे. हा दिवाळीपर्यंत टिकला तर नावाचा मोकाशी नाही!”

लीनाचं मराठी घरातल्या घरात शिकलेलं. त्यात असल्या बाता नव्हत्या. तिने अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “मग तुझा नवीन नाव काय असणार?”

काकांना हसताना ठसका लागला. मोकाशीने लीनाला समजावलं की ही नुसती बोलायची पद्धत आहे, नाव कोणी खरंच बदलत नाही. तिला ते काही पटेना. बदलायचं नाही तर बोलायचं कशाला, असं तिचं म्हणणं.

त्या दिवसापासून मोकाशीचं नाव त्या गोलीच्या पॅडला बांधलं गेलं. गोलीने चांगला पक अडवला की काका खुर्चीतून वळायचे आणि म्हणायचे, “मोकाशी, नाव बघून ठेव हो.” टीम आमची, तिकीट आमचं, आणि हा माणूस आपलाच गोली पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला.

*

दिवाळी आली. गोली टिकला. नुसता टिकला नाही, त्या आठवड्यात शेफिल्डविरुद्ध त्याने एकही गोल खाल्ला नाही.

काकांकडे फराळाला जमलो होतो. काकांनी चकलीची बशी मोकाशीपुढे धरली आणि आजपासून काय म्हणून हाक मारायची ते विचारलं. मोकाशीने चकली उचलली, मोडली, खाल्ली.

“काका, दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत असते.”

तुळशीचं लग्नही लागलं. मग मोकाशीने ख्रिसमस म्हटलं. ख्रिसमस झाल्यावर म्हणाला, संक्रांत. संक्रांतीला तिळगूळ देताना लीनाने आठवण केली, तर म्हणे संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. आयुष्यात कधी पंचांग न उघडलेला माणूस, पण त्या हिवाळ्यात त्याचा एकही सण एका दिवसात संपला नाही.

*

मधल्या काळात त्याचं शिक्षण चालूच होतं, म्हणजे दुसऱ्यांना देणं.

आइस हॉकीत एखाद्याने दांडगाई केली की त्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात. तेवढा वेळ समोरच्यांचा एक माणूस जास्त असतो. याला पॉवर प्ले म्हणतात. नेमकं त्याच सुमाराला क्रिकेटच्या वनडेमध्ये पॉवरप्ले हा शब्द आला होता. झालं! आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ बसायचे, टीमचा विटलेला स्कार्फ गळ्यात घालून. मोकाशीने वाकून त्यांना माहिती दिली की ही आयडिया तुम्ही लोकांनी आमच्या क्रिकेटवरून उचललीत.

त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “इज दॅट सो, डक?”

नॉटिंगहॅममध्ये बस ड्रायव्हरपासून बेकरीवालीपर्यंत सगळे सगळ्यांना प्रेमाने डक म्हणतात. आपण ‘बाळा’ म्हणावं तसं. मोकाशीला ते माहीत नव्हतं. तो माझ्याकडे वळून विजयी मुद्रेने म्हणाला, “बघ पेंडशा, लगेच क्रिकेटच्या भाषेत बोलायला लागला!”

*

त्या काळी प्रत्येक टीमच्या फॅन्सचा इंटरनेटवर एक फोरम असायचा. खेळाडूंना घरबसल्या शिव्या द्यायची सोय. मोकाशी लंच अवरमध्ये एका हाताने सँडविच खायचा आणि दुसऱ्या हाताने गोलीची सालं काढायचा. इंग्रजी त्याचं चांगलं, पण राग आला की डोक्यात मराठी यायचं आणि बोटांतून इंग्रजी होऊन बाहेर पडायचं. एका हरलेल्या मॅचनंतर त्याने लिहिलं, ‘अवर गोली एट मड अगेन.’ आपल्या गोलीने पुन्हा माती खाल्ली.

फोरमवर खळबळ माजली. गोली माती खातो ही बातमी त्यांना नवीन होती, आणि ‘पुन्हा’ खातो ही त्याहून नवीन. एका बाईने लिहिलं की असं लोह कमी पडल्यामुळे होतं, क्लबने रक्त तपासावं. कोणी म्हणालं कॅनडात तशी पद्धत असेल. एकानेही मोकाशीला अर्थ विचारला नाही. शहाण्यांचा फोरम कुठेच नसतो!

पुढच्या मॅचला पाहुण्यांच्या गोलीने गोल खाल्ला आणि आमच्या मागचा अख्खा ब्लॉक टाळ्यांच्या तालावर ओरडायला लागला, “यू एट द मड!” मोकाशी धन्य झाला. ही आपली देणगी आहे म्हणून त्याने फोरमवर लिहिलं. तेव्हा कुठे एकाने विचारलं की याचा अर्थ तरी काय. मोकाशीने उत्तर दिलं, ती नुसती बोलायची पद्धत आहे.

*

माकडटोपीचा किस्सा काकांसमोर सांगत नाही, त्यांना अजून राग येतो.

एकाच खेळाडूने एका मॅचमध्ये तीन गोल केले की फॅन्स आपापल्या टोप्या बर्फावर फेकतात. फेब्रुवारीत आमच्या एका फॉरवर्डने तिसरा गोल मारला आणि चहूबाजूंनी टोप्या उडायला लागल्या. मोकाशीला आधी दंगल झाली असं वाटलं. लीनाने कारण सांगितल्यावर त्याला स्फुरण चढलं. त्याने शेजारी बसलेल्या काकांची माकडटोपी डोक्यावरून उपसली आणि गरगर फिरवून फेकून दिली. काकूंनी विणलेली, कानापर्यंत येणारी, तपकिरी टोपी.

काका टक्कल चोळत म्हणाले, “अरे, तुझ्या डोक्यावर होती की एक.”

“काका, मला सायनस आहे,” मोकाशी म्हणाला.

*

लीना एवढे महिने ऐकून ऐकून कंटाळली होती. एका रविवारी सकाळी सगळ्यांसाठी रिंक खुली असते, तेव्हा ती आम्हाला घेऊन गेली. एकदा पायात स्केट घाला, मग बोला, असं तिचं म्हणणं. मी कठड्याला धरून एक फेरी मारली आणि माझी सगळी मतं मागे घेतली. मोकाशी मत मागे घेणाऱ्यातला नव्हे. लहान मुलांना धरायला प्लास्टिकचे पेंग्विन ठेवतात, त्यातला एक पकडून तो मधोमध गेला आणि तिथे पेंग्विनसकट आडवा झाला.

एका उंच, दाढीवाल्या तरुणाने येऊन त्याला उठवलं. दोन्ही हात धरून, स्वतः उलटा स्केटिंग करत, त्याला हळूहळू कडेला आणायला लागला. वाटेत सहज विचारलं, मॅच बघायला येता का. मोकाशीला आणखी काय हवं होतं! पाय लटपटत होते, पण तोंड सुरू झालं. टीम बरी आहे, गोली भिकार आहे, त्याची डावी बाजू लंगडी आहे, त्याला पहिल्या विमानाने परत पाठवायला हवं.

त्या तरुणाने विचारलं, डावी म्हणजे त्याची डावी की तुमच्या बाजूने डावी?

“बोथ,” मोकाशी म्हणाला.

तरुणाने त्याला कठड्याशी नीट उभं केलं, थँक्स म्हणाला आणि निघून गेला. लीना कपाळाला हात लावून उभी होती. मॅचमध्ये गोलीच्या तोंडावर जाळी असते, त्यामुळे आम्ही त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता. तिने पाहिला होता. तिने सांगितल्यावर मोकाशी दोन क्षण पांढरा पडला, तेवढेच.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “तोंडावर सांगायला हिंमत लागते.”

*

सीझन संपत आला. आमची टीम प्ले-ऑफच्या सेमीफायनलला पोचली आणि ती त्या गोलीच्या जोरावर पोचली, हे त्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापासून फोरमवरच्या लोहवाल्या बाईपर्यंत सगळे म्हणत होते. मोकाशी सोडून. काकांनी त्याला मॅचच्या आधी गाठलं आणि आता कुठला सण उरलाय ते विचारलं.

मोकाशी चिडला. इतके महिने सगळे त्याच्या नावाची थट्टा करत होते आणि ती त्याला लागली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तो सावकाश म्हणाला, “सण नाही. आजची मॅच. आज याने जिंकून दिली तर नावाचा मोकाशी नाही. आणि ही बोलायची पद्धत नाही.”

लीनाने त्याला तेच इंग्रजीत म्हणायला लावलं, म्हणजे म्हाताऱ्यालाही कळेल. म्हातारे म्हणाले, “राइटो, डक.”

मॅच बरोबरीत सुटली. मग पेनल्टी शॉट. समोरून एक खेळाडू एकटा पक घेऊन येणार आणि मध्ये एकटा गोली. आमचा एक गोल जास्त होता. त्यांचा शेवटचा शॉट राहिला होता. तो अडला तर आम्ही फायनलला.

अख्खा ब्लॉक उभा होता. मी मोकाशीकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. कान जवळ नेला तर रामरक्षा. कोणासाठी म्हणत होता, पक जावा म्हणून की अडावा म्हणून, ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

गोलीने पक अडवला. डाव्या पायाने.

जो काही आवाज झाला, त्यात सगळ्यात मोठा आवाज मोकाशीचा होता. तो खुर्चीवर चढला, म्हाताऱ्यांना त्याने मिठी मारली, त्यांचा स्कार्फ स्वतःच्या गळ्यात घालून नाचला. मग लीना त्याच्याकडे बघत्येय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने स्कार्फ काढून घडी करून परत दिला आणि खाली बसला.

मॅचनंतर खेळाडू बाहेर टेबलं मांडून सह्या द्यायला बसले. मोकाशी काहीतरी पुटपुटत दुकानाकडे गेला आणि टीमचा शर्ट घेऊन आला. पाठीवर नंबर गोलीचा. मीही एक घेतला आणि त्याच्या मागे रांगेत उभा राहिलो. काका आणि लीना सह्या घेऊन टेबलाच्या कडेला थांबले होते.

मोकाशीचा नंबर आला. गोलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग शर्ट समोर पसरला, मार्करचं टोपण काढलं आणि विचारलं, “हूज इट फॉर? नेम?”

मोकाशीने काकांकडे बघितलं. लीनाकडे बघितलं. लीना हाताची घडी घालून उभी होती.

“पेंडसे,” तो म्हणाला, आणि एकेक अक्षर सुटं करून स्पेलिंगही बरोबर सांगितलं.

गोलीने ते लिहिलं, खाली सही केली आणि पुढच्या माणसासाठी हात पुढे केला. माझा शर्ट घेऊन मी मागेच उभा होतो.