शालिनीचा घास

देवाच्या कृपेची साक्ष देणाऱ्या माणसाचा आवाज शांत असावा, असं आमच्या चर्चच्या मंडळीत मानतात. मला ते जमणार नाही. ज्या प्रसंगात देवाची कृपा झाली म्हणून मी हे लिहितो आहे, त्याची सुरुवात संतापात झाली आणि त्यातला बराचसा संताप अजून माझ्याजवळ आहे. तो लपवला तर साक्ष खोटी होईल, आणि खोटं मी या काळात पुरेसं बोललो आहे.

माझ्या पत्नीला, शालिनीला, दिवाळीच्या सुमारास पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. बोलणं इतकं जड झालं की तिचे शब्द माझ्याशिवाय फारसे कोणाला कळत नाहीत. डोकं मात्र लख्ख आहे. सगळ्यात मोठी अडचण गिळण्याची. नाकातून नळी घातली आहे आणि पातळ अन्न त्यातूनच द्यावं लागतं. सदाशिव पेठेतल्या ज्या थेरपिस्ट बाई तिला गिळण्याचे व्यायाम शिकवतात, त्यांनी मला बजावलं होतं की तोंडाने कणभरही द्यायचं नाही. एखादा कण फुप्फुसात गेला तर जिवावर बेतेल. शालिनीने हे सगळं निमूट मान्य केलं. एकाच गोष्टीवर ती अडली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. प्रभूच्या आठवणीसाठी एकाच भाकरीतला तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळे मिळून घेतात. तिने ते कधी चुकवलं नव्हतं. पहिला रविवार आला की ती डावा हात तोंडाशी नेऊन माझ्याकडे बघायची.

मी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, फोन केला. माणूस तरुण आहे, मनाने वाईट नाही. ते म्हणाले की गिळताच येत नसेल तर द्यायचं कसं, आणि नळीतून देणं काही शोभणार नाही. ताईंचा विश्वास पुरेसा आहे, तरी विषय कमिटीपुढे ठेवतो. विश्वास पुरेसा आहे म्हणे. मग बाकीचे दर महिन्याला रांग लावतात ते काय, त्यांचा विश्वास अपुरा असतो म्हणून? हे मी फोनवर विचारलं नाही. शालिनीला सांगितलं की पाळकसाहेब गावाला गेले आहेत, पुढच्या महिन्यात येतील. पुढच्या महिन्यातही तेच सांगितलं. तिने मान भिंतीकडे वळवली. आपल्याच माणसाला, तेही देवाच्या नावावर, फसवताना जी लाज वाटते ती मला शब्दांत मांडता येत नाही.

कमिटीची बैठक झाली. मी स्वतः कमिटीवर आहे, म्हणून समोरच बसलो होतो. पहिला विषय होता चर्चच्या आवारात बसवायच्या फरशीच्या ब्लॉकांचा. लाल बसवायचे की राखाडी, यावर मोठी माणसं घसा कोरडा होईपर्यंत बोलली. त्यात सगळ्यात पुढे रत्नाबाई, आमच्या भगिनी मंडळाच्या अध्यक्षा. त्यांचं आणि माझं कधी पटलं नाही. त्यांच्या जिभेला धार आहे आणि ती त्या झाकून ठेवत नाहीत. शालिनीचा विषय निघाला तेव्हा अर्धे लोक घड्याळ बघत होते. कोणी म्हणालं, असा पायंडा पडला तर उद्या घरोघरी जावं लागेल. कोणी म्हणालं, वरिष्ठांना पत्र लिहून विचारू. रत्नाबाई गप्प होत्या, आणि ब्लॉकांवर इतकं बोलणाऱ्या बाईचं ते गप्प बसणं मला सगळ्यात जास्त लागलं. मी उठलो. म्हणालो, आपण ख्रिस्ताचं शरीर आहोत असं लहानपणापासून शिकवता. शरीराची एक बाजू लुळी पडली तर दुसरी बाजू बैठक घेत बसत नाही. मग ही मंडळी आहे तरी कशासाठी, ब्लॉक बसवायला? उत्तराची वाट न बघता मी निघून आलो. येताना मनाशी ठरवलं की जोवर शालिनीला भाकर मिळत नाही तोवर मीही प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जाणार नाही. आज कबूल करतो, त्या शपथेत तिच्याबद्दलची माया कमी होती आणि त्यांना धडा शिकवण्याची हौस जास्त होती.

पुढच्या पहिल्या रविवारी मी घरीच राहिलो. प्रार्थना करायला बसलो, पण मनात भाषणंच तयार होत होती. दुपारी सोसायटीचा वॉचमन वर आला आणि विचारू लागला की साहेब, तुमच्याकडे कार्यक्रम आहे का, गेटवर दहा-बारा माणसं आलीत. मी दार उघडं ठेवलं. जिन्यातून रत्नाबाई धापा टाकत वर येत होत्या, मागे पाळकसाहेब, त्यांच्या हातात पांढऱ्या रुमालाने झाकलेलं ताट, आणि त्यांच्यामागे उन्हाने लाल झालेले चेहरे. कॅम्पातल्या चर्चमधून कात्रजला आमच्या घरापर्यंत कोणी बसने आलं होतं, कोणी स्कूटरवर. माझ्या ओठावर सगळं भाषण आलं होतं. रत्नाबाई म्हणाल्या, “आधी आत घ्या. भांडायचं ते पाणी प्यायल्यावर भांडा.”

काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. त्या सकाळी पाळकसाहेबांनी भाकर मोडून लोकांना पुढे बोलावलं, तेव्हा रत्नाबाई जागच्या हलल्या नाहीत. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, “शालिनी जेवली नाही अजून. घरातलं माणूस उपाशी असताना मी जेवत नाही.” त्यांच्या शेजारची बाई उठली नाही, मागचा बाक उठला नाही. काही जण पुढे गेले, ते मी नाकारत नाही. पण ताट उरलं, आणि पाळकसाहेबांनी ते झाकून उचललं. बैठकीत गप्प का होतात, असं मी रत्नाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “बैठकीत बोलून आजवर काय झालंय?”

आमच्या छोट्या खोलीत माणसं खाटेभोवती दाटीने उभी राहिली. मी भीत भीत थेरपिस्ट बाईंची ताकीद सांगितली. पाळकसाहेब शालिनीजवळ वाकले. “ताई, मी गावाला गेलो नव्हतो. इथेच होतो. यायला हवं होतं,” ते म्हणाले. म्हणजे भेटायला येणाऱ्या कोणाकडून तरी माझं खोटं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. शालिनीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तिला ते आधीपासूनच ठाऊक होतं. त्यांनी प्रार्थना केली, सगळ्यांना भाकर दिली, आणि एक तुकडा तिच्या डाव्या हातावर ठेवून म्हणाले, नुसता हातात धरा, तेवढं पुरे आहे. तिने मूठ मिटली. मग तिने मूठ उघडली आणि तो हात माझ्या तोंडासमोर आणला.

मी मान हलवली. हलक्या आवाजात म्हणालो की माझ्या मनात राग आहे, या सगळ्यांबद्दल आहे, मी घेण्याच्या लायकीचा नाही. तिने हात मागे घेतला नाही. मोठ्या कष्टाने, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळेल इतकं स्पष्ट, ती म्हणाली, “खा.”

मी खाल्लं. तिचा घास माझ्या घशातून खाली गेला आणि तिने डोळे मिटले, पोट भरल्यावर माणूस मिटतो तसे. हे कसं झालं, तिला नेमकं काय मिळालं, याचा खुलासा माझ्याकडे नाही आणि तो मी कोणाला मागतही नाही.

राग गेला असं लिहिणार नाही. घड्याळ बघणारी ती माणसं आठवली की आजही डोकं तापतं. पण ज्या मंडळीवर मी चिडलो, तिनेच उन्हातून माझ्या दारी भाकर आणली, आणि तिच्यात रत्नाबाई आहेत, चुकलेले पाळकसाहेब आहेत, खोटं बोलणारा मीही आहे. मंडळी कशासाठी आहे, हा प्रश्न मी त्यांच्या तोंडावर फेकला होता. एकाला गिळता येत नसेल तेव्हा दुसऱ्याने गिळावं, यासाठी ती आहे, इतकं मला आता कळतं. समर्पण म्हणजे आपल्याजवळचं काही मोठं देवापुढे ठेवणं, असं मी वर्षानुवर्षं समजत होतो. त्या दुपारी माझ्याजवळ ठेवण्यासारखं काही नव्हतं. मला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. त्या घासाबद्दल, आणि तो भरवणाऱ्या हाताबद्दल, प्रभूचे आभार.