नऊ फेब्रुवारीचा केक

परदेशात, ट्रुगानिना नावाच्या गावात आमचं घर; शेजारी रोसाल्बा राहते. एल साल्वाडोरची. तिथल्या लढाईत देश सोडून आली, इथं तीस वर्षं हॉस्पिटलच्या फरश्या पुसल्या. गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत. मी चौथी शिकलेली, तीही तेवढीच. दोघींचं इंग्रजी मिळून एका माणसापुरतं होतं, पण कुंपणावरून भांडायला पुरतं.

"तुझा दोडका माझ्याकडे आला."

"मग खा की!"

दर नऊ फेब्रुवारीला ती केक करते, दुधात भिजवलेला, चमच्यानं खायचा. तिच्या तिकडच्या बायकांचं इथं एक मंडळ आहे, त्या सगळ्यांना बोलावते, मलाही. पहिली फोड रिकाम्या खुर्चीपुढे ठेवते. पहिल्या वर्षी मी विचारलं, "देवाला का?"

"मुलाला. स्पेनमध्ये असतो."

"तिथून इथवर पोचायला हात बराच लांब आहे गं त्याचा!" मी म्हणाले. ती हसली, मीही हसले.

माझी नात तेजश्री युनीत, म्हणजे विद्यापीठात, संशोधन करते. तिकडेच राहते, रविवारी येते, त्यामुळे तो केक तिनं कधी खाल्लेला नाही. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या म्हाताऱ्या बायका इथं कशा जगतात, हा तिचा विषय. युनी आणि बायकांचं मंडळ, दोघांनी मिळून करायचं काम. लिहिलेलं आधी मंडळापुढे वाचायचं, मग बाहेर, असा नियम. "माझ्या शेजारणीची नात आहे," असं सांगून रोसाल्बानंच तिच्याशी बोलायला चाळीसजणी जमवल्या.

वाचनाच्या आदल्या दिवशी तेजू आली आणि मला मराठीत करून सगळं सांगायला लागली. "नावं बदललीत आजी, नो वरीज."

मी भेंडी चिरत होते. कुणी कार्मेन म्हणून बाई. तिचा सतरा वर्षांचा मुलगा शिपायांनी घरातून उचलून नेला, तो परत आलाच नाही. लोकांना ती सांगते, परदेशात आहे. दर वाढदिवसाला केक करते, पहिली फोड रिकाम्या खुर्चीपुढे...

सुरी हातातच राहिली.

"अगं, ही रोसाल्बा!"

"हाऊ? आजी, तुला कुणी सांगितलं?"

"सहा वर्षं तो केक खातेय मी. सगळं मंडळ खातंय. नाव बदललंस बाई, खुर्ची तशीच ठेवलीस."

पोरगी पांढरीफटक पडली. उद्या चाळीस बायकांपुढे हेच वाचायचं होतं. आणि माझ्या कानात माझंच बोलणं घुमत होतं. हात लांब आहे म्हणाले होते मी. एका आईला. आणि ती हसली होती.

चपला न घालताच आम्ही तिच्या दारात गेलो. तेजूनं काही लपवलं नाही. रडत रडत सांगितलं.

रोसाल्बानं कागद हातात घेतला. "कुठं आहे तो यात?"

तेजूनं ओळ दाखवली. रोसाल्बानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ उचललंच नाही.

"काढ," ती शेवटी म्हणाली. "त्या बायकांमध्ये तो अजून जिवंत आहे. तेवढी एकच जागा उरलीय त्याला."

तेजूच्या सरांना तेच पान सगळ्यात आवडलं होतं. तेजूनं ते काढलं.

शनिवारी हॉलमध्ये वाचन झालं. सगळ्यात मोठ्या टाळ्या रोसाल्बानं वाजवल्या. चहाला एकीनं सहज विचारलं, "मुलगा कसा आहे गं?"

रोसाल्बानं कप खाली ठेवला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"स्पेनमध्ये थंडी फार पडलीय म्हणे," मीच म्हणाले.

माझं इंग्रजी लोकांना नेहमी दोनदा विचारावं लागतं. त्या दिवशी कुणी विचारलं नाही.