मळी, अर्थ दुसरा
शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे ‘म-वाल्या बाई’ म्हणत, कारण ‘म’ त्यांच्या गळ्यात पडला होता. ‘ळ’ मागायला सगळे टपलेले. त्या अक्षरानं शब्दच सुरू होत नाही, मग बसा आरामात. ‘म’ मात्र कंबर मोडतो. मन, माती, माणूस, मरण, सगळं बाईंच्याच टेबलावर.

नवरा गेल्यावर घेतलेली रजा संपली, तशा बाई कामावर आल्या. पंखा लावला, चष्मा पुसला, मुद्रितं पुढे ओढली. सांत्वनाचे शब्द जुळवून आलेल्या मंडळींची पंचाईत झाली. दोघातिघांनी चहा पुढे केला. बाईंनी तो प्यायला. गोड होता की अगोड, ते त्यांना सांगता आलं नसतं.

नवरा पितळेच्या ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होता. एका संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले, “जरा पडतो,” म्हणाला आणि उठलाच नाही. तेव्हापासून बाईंच्या डोळ्यांतून टिपूस नव्हतं. सोबतीला येऊन राहिलेली नणंद रोज पाठीस लागायची.

“वहिनी, एकदा रडून घ्या हो. अशा दगड होऊन बसू नका.”

“रडू येत नाही, त्याला मी काय करू?” घरातलं दूध संपलंय हे सांगावं तशा सुरात बाई म्हणायच्या.

खरं तर त्यांना भीती वाटत होती, तीही कुठे तरी लांबून. इतका संसार करून आपल्याला काहीच कसं होत नाही? आपली त्या माणसावर माया नव्हतीच की काय? हा प्रश्न त्यांनी नणंदेला विचारला नाही. विचारण्याइतकं त्राण नव्हतं.

त्या दिवशी मुद्रितात ‘मळी’ आली. मूळ संस्कृत ‘मल’, त्यावरून ‘मळ’, मळापासून मळी. मळकट, निर्मळ, मळखाऊ हे सगळे एकाच घरचे. अर्थ पहिला, उसाचा रस उकळताना वर येणारा फेसाळ मळ. अर्थ दुसरा, वितळलेल्या धातूवर साचणारा निरुपयोगी थर.

बाई दुसऱ्या अर्थापाशी थांबल्या.

नवरा लांब दांड्याच्या झाऱ्यानं हीच मळी काढायचा. शब्दाच्या मुळावरून त्यानं घरात रान उठवलं होतं. कणीक मळतात तशी ही वर मळली जाते, म्हणून मळी, हा त्याचा हेका. बाईंनी ‘मल’ दाखवला, तर म्हणाला, “तुझ्या पुस्तकाला कोण विचारतंय!” मूळ त्यानं साफ चुकीचं सांगितलं होतं. अर्थाचं मात्र त्याचं बरोबर होतं.

“निरुपयोगी कोण म्हणतं? ओतायची वेळ येईपर्यंत ती वर असू द्यायची. आधीच सगळी काढलीस तर हवा लागून खालचं पितळ जळतं.”

“बरं, करते दुरुस्त,” असं बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि विसरून गेल्या होत्या. शब्द मुद्रितात जसाच्या तसा होता. त्यांनी लाल पेनानं ‘निरुपयोगी’ खोडलं, समासात ‘हवेपासून राखणारा’ असं लिहिलं आणि कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब म्हणजे कोशाचे मुख्य संपादक. स्वल्पविरामावरूनही तासभर हुज्जत घालतील असा माणूस. मान खाली घालून ते दुसरंच मुद्रित तपासत होते. बाईंचा कागद त्यांनी तसाच ओढून घेतला.

“याला आधार?”

“छापील नाही. तोंडी आहे. भट्टीवरच्या कामगाराचा.”

कारागिराच्या तोंडचा अर्थ कोशात घ्यायचा, तर छापण्याआधी त्याला पुन्हा एकदा विचारून खात्री करायची, असा कचेरीचा नियम होता.

“मग पुन्हा विचारलंत?” साहेबांनी सवयीनं विचारलं.

“नाही अजून. रात्री जेवताना विचारते, उद्या सांगते,” बाई म्हणाल्या.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

“बरं,” ते हळूच म्हणाले. “विचारा.”

बाई कागद घेऊन दारापर्यंत गेल्या. साहेब इतक्या मुकाट्यानं कसे ऐकतात, याचं त्यांना नवल वाटलं. वळून पाहिलं, तर साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. बाईंनी दाराची चौकट धरली. धरल्या धरल्या खाली बसल्या, तिथेच, उंबऱ्यात, साडीची पर्वा न करता.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “आता मी कुणाला विचारू हो?”

आणि त्यांना रडू फुटलं.